दुरून चालणारे यंत्र व त्याच्या अटी

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी पटांगणात बसून चार शहाण्या माणसांचे ऐकावयाचे, ही चाल महाराष्ट्रात रुळली. अशा व्यासपीठावर इतिहास सांगावयाचा तर तो राजांचा, लढायांचा, निदान संतकवींचा तरी असावा, अशी श्रोत्यांची रास्त अपेक्षा असते. आणि आमच्या वसईत तर चिमाजी आप्पांनी १७३९ साली किल्ला घेतल्यावाचून कोणतेही व्याख्यान संपत नाही. आम्ही मात्र आज एका ओळीचा इतिहास सांगणार आहोत. ही ओळ ओवीची नव्हे, अभंगाचीही नव्हे. दूर असलेल्या संगणकाचा पडदा आपल्या घरच्या पडद्यावर दिसावा व तेथील काम येथून करता यावे, यासाठी त्या दूरच्या संगणकावर एक कार्यक्रम सुरू करावा लागतो. त्यास रिमोट डेस्कटॉपचा सर्व्हर म्हणतात. त्या सर्व्हरला जो हुकूम द्यावयाचा, ती ही ओळ. तिच्यात प्रथम कार्यक्रमाचे नाव येते आणि नावापुढे पाचसात अटी येतात. जाणकार त्यांना ऑप्शन म्हणतात. आम्ही कामगार चळवळीतले, म्हणून आम्ही त्यांना अटी म्हणतो. हा शब्द आम्ही का पसंत केला, ते पुढे कळेल.

आमची शाळा नववीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर, कामगार न्यायालयाच्या बाकावर आणि वाचनालयातील वर्तमानपत्रांच्या टेबलाशी. तेव्हा संगणकशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याचा आव आम्ही आणीत नाही. परंतु या एका ओळीने आम्हांस तीन रात्री जागविले, आणि त्या तीन रात्रींत आमच्या तीस वर्षांच्या धंद्याविषयी आम्ही जे शिकलो, ते आमच्याजवळच ठेवणे बरे नव्हे.

गोष्ट २०२० सालची आहे. विरारहून बॅकबेपर्यंत पहिली लोकल १८६७ च्या एप्रिलात धावली. त्या गाडीनेच पुढे आपले हे गाव मुंबईच्या पोटाशी बांधले. ती गाडी २३ मार्च २०२० पासून सामान्य माणसासाठी थांबली. वालीव, गोखिवरे, सातिवली येथील औद्योगिक वसाहतींतले गाळे बंद झाले आणि मार्चचा पगार हातात न पडलेले कामगार आमच्या संघटनेला फोन करू लागले. केंद्रीय गृहमंत्रालयाने २९ मार्च रोजी आदेश काढला होता की, टाळेबंदीच्या काळातील वेतन मालकांनी कपात न करता द्यावे. त्या आदेशाच्या आधारे एका कारखान्यातील कामगारांचा तक्रार अर्ज आम्हांस तयार करावयाचा होता. कोणाचा किती पगार थकला, कोण कधीपासून कामावर आहे, कोणाची सही झाली, ही सर्व नोंद वसई रोडच्या आमच्या कार्यालयातील संगणकावर होती. तीही एका जुन्या कार्यक्रमात आणि युनिकोडपूर्व काळातील मराठी फाँटात. ती फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडली की नावांच्या जागी नुसती चिन्हांची खिचडी दिसे. आम्ही विरारला. आमच्या इमारतीत रुग्ण सापडला आणि इमारत सील झाली. अंतर दोन स्टेशनांचे. पण त्या दिवसांत ते काशीइतके दूर होते.

कार्यालयात एक तरुण सहकारी होता. कॉलेजात शिकणारा, संगणकातला बऱ्यापैकी जाणकार. दिवसभर तो शिधा वाटीत फिरे आणि रात्री कार्यालयातच मुक्काम करी. ठरले असे की, रात्री त्याने कार्यालयातील यंत्रावर रिमोट डेस्कटॉपचा सर्व्हर सुरू करून ठेवावा. म्हणजे दिवसा आम्ही मुलीच्या लॅपटॉपवरून तेथली नोंदवही उघडून अर्ज लिहू. काम एका ओळीचे. अर्ध्या तासात होईल, असे दोघांनाही वाटले.

पहिल्या रात्री यंत्राने उत्तर दिले की, अशी अट मला ठाऊक नाही. ती ओळ आम्ही एका जाणत्या स्नेह्याकडून मागवून मोबाइलवरून पुढे धाडली होती. पुष्कळ वेळ गेल्यावर उलगडा झाला. स्नेह्याने प्रत्येक अटीपूर्वी दोन आखूड आडव्या रेघा घातल्या होत्या. मोबाइलने सौजन्य दाखवून त्या दोहोंची एक लांब रेघ केली. माणसाच्या डोळ्यास दोन्ही रेघाच. यंत्राच्या लेखी ते निराळे अक्षर. भरीस भर म्हणून आम्ही मराठी कळपाटावर टंकलेले आकडे देवनागरी होते, आणि जेथे अपूर्णविरामाची दोन टिंबे हवीत तेथे विसर्ग पडला होता. हे सर्व हाताने पुन्हा टंकले, तरी यंत्र अडलेच. कारण त्या बांधणीस दोन रेघा नको होत्या, एकच हवी होती.

हा रेघांचा घोळ कोठून आला? येथे आपला इतिहास सुरू होतो. मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली देशी बनावटीचा संगणक उभा राहिला व १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे टिफ्रॅक असे नामकरण केले. त्याच संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र आले. त्या काळी यंत्राशी समोरासमोर बोलणे फारसे घडत नसे. छिद्रे पाडलेल्या पत्त्यांचा गठ्ठा खिडकीत द्यावा आणि छापील उत्तराची वाट पाहावी, असा एकंदर रिवाज. एका यंत्राचा वेळ अनेकांत वाटून प्रत्येकाने आपापल्या टंकयंत्रावरून त्यास हुकूम द्यावा, ही कल्पना अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६१ च्या सुमारास प्रत्यक्षात येऊ लागली. हुकमाचे टंकयंत्र म्हणजे तारखात्यातल्या टेलिप्रिंटरचेच भावंड. टेलिटाइप कंपनीचे मॉडेल ३३ सेकंदाला दहा अक्षरे छापी. ज्याला अक्षरागणिक थांबावे लागते तो मोजकेच बोलतो. म्हणून त्या पिढीचे हुकूम दोन-दोन, तीन-तीन अक्षरांचे झाले. अटीपूर्वी आडवी रेघ घालण्याची चाल मल्टिक्स नावाच्या प्रणालीत होती. बेल लॅबोरेटरीजमधील केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी १९६९ पासून युनिक्स घडविले; त्यात एक रेघ व एक अक्षर एवढीच अट पुरे होई. आजही युनिक्सच्या वंशातील यंत्रे टर्मिनलला ‘टीटीवाय’ म्हणतात. टेलिटाइप केव्हाच गेले, त्याचे नाव मागे राहिले.

पुढे पडदे आले, अक्षर फुकट झाले आणि अटी पूर्ण शब्दांत लिहाव्यात असे लोकांना वाटू लागले. एमआयटीमध्येच १९८४ साली रॉबर्ट शाइफ्लर व जिम गेटिस यांनी एक्स नावाची खिडक्यांची प्रणाली सुरू केली. तिच्यात पूर्ण शब्द आणि त्यापूर्वी एकच रेघ. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातील मंडळींनी मात्र ठरविले की, एक रेघ एका अक्षरासाठी आणि पूर्ण शब्दासाठी दोन रेघा. दोन्ही बाजूंना आपापले कारण होते आणि दोन्ही रीती टिकल्या. आमचा स्नेही दुसऱ्या घराण्याचा, कार्यक्रम पहिल्या घराण्याचा. सोयरीक जमली नाही, इतकेच. एका ओळीत तीन पिढ्यांची व्याकरणे एकत्र नांदतात, हे ठाऊक नसले की माणूस स्वतःला मूर्ख समजतो. तो मूर्ख नसतो. त्याला कुळकथा कोणी सांगितलेली नसते.

दुसऱ्या रात्री निराळेच. यंत्र म्हणाले, पहिल्या क्रमांकाचा सर्व्हर आधीच चालू आहे. प्रत्यक्षात तर काहीच चालू नव्हते. येथे ‘सर्व्हर’ या शब्दाचा अर्थ सांगितला पाहिजे. आपण समजतो की सर्व्हर म्हणजे दूर कोठेतरी थंड खोलीत ठेवलेले मोठे यंत्र. एक्स प्रणालीत अर्थ उलटा आहे. पडदा, कळपाट व माउस यांची सेवा जो देतो तो सर्व्हर. म्हणून तो माणसाच्या पुढ्यात असतो, आणि सेवा मागणारे कार्यक्रम दूरच्या यंत्रावरही असू शकतात. पडद्याला क्रमांक असतो व क्रमांकापूर्वी दोन टिंबे. टिंबांच्या डावीकडे यंत्राचे नाव यावयाचे; नाव नसेल तर हेच यंत्र, असे समजावयाचे.

या प्रणालीवरून दूरच्या पडद्यापर्यंतचा प्रवास इंग्लंडातील केंब्रिज येथे झाला. तेथे ऑलिव्हेटीच्या संशोधनशाळेत, जी पुढे ऑलिव्हेटी व ओरॅकल यांची झाली, माणूस ज्या खोलीत जाईल तेथे त्याचा पडदा त्याच्यामागून यावा, असे प्रयोग चालले होते. या मंडळींतले क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर यांची एक गंमत सांगण्याजोगी आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक विभागात कॉफीचे भांडे एकच, आणि माणसे निरनिराळ्या मजल्यांवर. जिने चढून यावे तो भांडे रिकामे! तेव्हा १९९१ साली त्यांनी व पॉल जार्डेट्स्की यांनी भांड्यासमोर कॅमेरा लावला व त्याचे चित्र सर्वांच्या पडद्यावर पोचविले. दूरची वस्तू पायपीट न करता पाहावी, ही हौस अशी साधी असते. याच स्टॅफर्ड-फ्रेझर यांनी ट्रिस्टन रिचर्डसन, केनेथ वुड व अँडी हॉपर यांच्याबरोबर व्हीएनसी नावाची पद्धत रचली, आणि १९९८ साली ती सर्वांना मोफत, मूळ मजकुरासह खुली केली. मायक्रोसॉफ्टने आपल्या एनटी प्रणालीची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती आणली तीही त्याच साली. केंब्रिजची ती शाळा २००२ साली बंद पडली, पण मूळ मजकूर खुला असल्याने जगभरच्या लोकांनी त्याच्या निरनिराळ्या बांधण्या केल्या. मालक गेला तरी कारागिरी राहिली, असे क्वचितच घडते, येथे घडले.

व्हीएनसीचा लिनक्सवरील सर्व्हर हा दोन तोंडांचा प्राणी आहे. एका तोंडाने तो एक्सचा सर्व्हर असतो. फक्त त्याला खरा पडदा नसतो, तो स्मृतीतच चित्र रेखाटतो. दुसऱ्या तोंडाने तो ते चित्र दूरच्या माणसास पाठवितो. म्हणून त्याच्या काही अटी एक्सच्या माहेरच्या: पडदा किती रुंद, किती उंच, रंग किती. काही अटी व्हीएनसीच्या सासरच्या: परवलीचा शब्द कोणता, दार कोणास उघडावे. आणि या दोहोंपुढे एक मध्यस्थ लिपी उभी असते. तिला जी अट समजत नाही ती ती तशीच आत ढकलते. तेव्हा तक्रार नेमकी कोणाची, दारवानाची की आतल्या धन्याची, हे प्रथम ओळखावे लागते. आमच्या बाबतीत असे झाले होते की, पहिल्या रात्री वैतागून आमच्या सहकाऱ्याने चालू झालेला सर्व्हर मध्येच ठार केला. सर्व्हर सुरू होताना ‘ही जागा अडली आहे’ अशी एक कुलूपचिठ्ठी ठेवतो व रीतसर बंद होताना ती उचलतो. ठार झालेला चिठ्ठी कशी उचलणार? एखाद्या गाळ्याचा मालक रातोरात पसार व्हावा आणि दारावरची पाटी तशीच राहावी, तसे ते होते. चालू असलेल्या कार्यक्रमांच्या यादीत तो नाही याची खात्री करून चिठ्ठी काढली आणि सर्व्हर उठला. खात्री न करता चिठ्ठी काढणे मात्र वाईट. कोणी आत बसलेले असेल तर त्याच्या अंगावर छप्पर पडते.

त्या रात्री एक शहाणपण आम्हांस सापडले. यंत्र प्रत्येक वेळी काय घडले याची टिपणी एका फाइलीत लिहून ठेवते. तिला लॉग म्हणतात. आम्ही दोन रात्री तर्क लढविले आणि पंचनामा वाचलाच नव्हता! कामगाराची तक्रार आली की आम्ही प्रथम हजेरीपट मागतो, पगारचिठ्ठी पाहतो, मग बोलतो. येथे मात्र ती शिस्त विसरलो. लॉग उघडल्यावर कोणती अट कोणी नाकारली ते ओळीओळीने लिहिलेले दिसले. मग आम्ही नियम केला: प्रथम एकही अट न घालता सर्व्हर सुरू करावयाचा, आणि मग एकेक अट घालून पाहावयाचे. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की गुण कोणत्या औषधाने आला ते वैद्यालाही सांगता येत नाही.

आता तिसरी रात्र. सर्व्हर चालू, परंतु विरारहून जोडावयास गेलो की दार बंद. संगणकाच्या दारास पोर्ट, म्हणजे बंदर म्हणतात, हे सोपाऱ्याच्या शेजारी राहणाऱ्यांना गोड वाटावे. आपल्या सोपाऱ्यास अशोकाच्या आज्ञेचा शिलाखंड १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला. तेव्हा बंदरावर दुरून हुकूम येणे या गावास नवे नाही. व्हीएनसीच्या बंदराचा आकडा ५९०० मध्ये पडद्याचा क्रमांक मिळवून येतो. पहिला पडदा, तर बंदर ५९०१. परंतु ‘लोकलहोस्ट’ नावाची एक अट आहे. ती लागू असेल तर सर्व्हर फक्त त्याच यंत्रावरून आलेल्याला दार उघडतो, बाहेरच्याला नाही. काही बांधण्यांत ही अट न सांगता लागू असते, काहींत सांगितली तरच लागू होते. आमच्या यंत्रावर ती न सांगता लागू होती.

गुरुवारची रात्र, मे महिन्याचा दुसरा आठवडा. अर्ज शुक्रवारी गेला पाहिजे, असा आमचा निश्चय. रात्रीचे बारा वाजून गेलेले. आम्ही फोनवर त्या मुलास म्हणालो, “अरे, काय वाटेल ते कर, पण आज ते चालू झाले पाहिजे.”

त्याने कोठूनतरी तोडगा शोधला. लोकलहोस्टची अट काढावयाची, परवलीचा शब्दही नको, आणि राउटरवरून ते बंदर बाहेरच्या जगाला मोकळे करावयाचे. ओळ टंकली. यंत्राने नकार दिला व सांगितले की, असे करावयाचेच असेल तर आणखी एक अट घाला. थोडा वेळ तो गप्प राहिला.

“काका, या अटीचे नाव विचित्र आहे.”

“वाच मोठ्याने.”

त्याने इंग्रजीत वाचले. मराठीत तिचा अर्थ होतो: ‘मला ठाऊक आहे की हे असुरक्षित आहे.’

हे आम्ही रचून सांगत नाही. व्हीएनसीच्या एका प्रचलित बांधणीत त्या अटीचे नाव खरोखरच हे वाक्य आहे, दोन रेघा आणि मोठी अक्षरे. ज्या कोणी ती अट लिहिली, त्याने मनुष्यस्वभाव चांगला ओळखला असला पाहिजे. त्याने दार बंद केले नाही. दार उघडणाऱ्याकडून त्याने कबुली मात्र लिहून घेतली.

ते वाक्य ऐकल्यावर आमच्या डोळ्यांपुढे निराळेच चित्र आले. पॉवर प्रेसवर काम करणाऱ्या एका कामगाराची उजव्या हाताची तीन बोटे गेली होती. त्याच्या नुकसानभरपाईसाठी आम्ही वर्षानुवर्षे खेटे घातले. प्रेसला संरक्षक जाळी होती. पण जाळी लावली की तासाला नग कमी निघत, म्हणून ती काढून बाजूला उभी केलेली असे. चौकशीत सुपरवायझर म्हणाला की जाळी काढा असे मी कधीच सांगितले नाही. मी इतकेच म्हणालो की, काय वाटेल ते करा पण माल आज गेला पाहिजे. १९४८ च्या कारखाने कायद्याचे एकविसावे कलम आम्ही त्या वेळी तोंडपाठ म्हणून दाखविले होते: यंत्राच्या धोक्याच्या भागास कुंपण हवे. आणि आज मध्यरात्री तेच वाक्य, त्याच घाईने, आमच्या तोंडून निघाले होते. यंत्रावर नोंद कोणाची होती? मालकाविरुद्ध सही करणाऱ्या कामगारांची. ती बाहेर फुटली असती तर टाळेबंदी उठल्यावर फाटकाबाहेर कोण राहिले असते, हे सांगावयास नको. बोटे आमची नव्हती, त्यांची होती.

आम्ही त्याला थांबविले. पहाटेपर्यंत दोघांनी मिळून खरी वाट शोधली. ती अशी. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात १९९५ साली तेथील जाळ्यावरून परवलीचे शब्द चोरले गेले, तेव्हा टाटू युल्योनेन यांनी एसएसएच नावाची पद्धत तयार केली. तिच्यातून जाणारा मजकूर वाटेत कोणास वाचता येत नाही. व्हीएनसीच्या मूळ परवलीला पहिली आठच अक्षरे मोजली जात. त्यावर सारा भरवसा टाकणे शहाणपणाचे नव्हते. म्हणून शहाणे लोक सर्व्हरचे दार बाहेरच्यांना बंदच ठेवतात, एसएसएचचा बोगदा त्या यंत्राच्या आत नेतात आणि बोगद्यातून आलेला माणूस घरचाच समजला जातो. म्हणजे लोकलहोस्टची ती अट आमच्या वाटेतला दगड नव्हती, ती घराचा उंबरठा होती. एसएसएचची वाट आमच्या सहकाऱ्याने पूर्वीच करून ठेवली होती; घाईत तिचा उपयोग सुचला नाही. बोगद्यातून जोडल्यावर प्रथम नुसता करडा पडदा दिसला, कारण पडद्यावर काय मांडावे हे सांगणारी फाइल रिकामी होती. ती भरली आणि पहाटे चारच्या सुमारास विरारला आमच्या घरात वसई रोडच्या कार्यालयातील नोंदवही उघडली. नावे मराठीत, जशीच्या तशी.

अर्ज शुक्रवारी गेला. सोमवारपासून, म्हणजे १८ मेपासून, सरकारने तो २९ मार्चचा आदेशच मागे घेतला, आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक व कामगार यांनी वाटाघाटी कराव्यात असे सांगितले. आमच्या कामगारांपैकी काहींना पूर्ण पगार मिळाला, काहींना अर्धा. काही तोवर वसई रोडहून श्रमिक गाडीने आपल्या मुलखाला निघून गेले होते. त्यांच्या थकबाकीसाठी पुढे बराच काळ पत्रव्यवहार चालला. मोठा विजय झाला असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्या यादीतील एकाही नावाचा घात आमच्या हातून झाला नाही, एवढे समाधान आहे.

आता थोडे आमच्या चळवळीविषयी. यंत्राशी आमचे भांडण जुने आहे. १९६० नंतरच्या दशकात आयुर्विमा कर्मचाऱ्यांनी कलकत्त्याच्या इलाको हाऊसमध्ये संगणक बसू नये म्हणून पहारा दिला. त्यांची भीती खोटी नव्हती. नोकऱ्या जातील ही भीती पोटाची असते. पण पुढे बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी ८ सप्टेंबर १९८३ रोजी इंडियन बँक्स असोसिएशनशी यांत्रिकीकरणाचा करार केला, तेव्हा प्रश्नाचे रूप पालटले. यंत्र यावे की न यावे, हा प्रश्न मागे पडला. ते कोणत्या अटींवर यावे, हा पुढे आला. आम्हांला तो प्रश्न अधिक शहाणा वाटतो.

कोणी म्हणेल, करारातल्या अटी आणि संगणकाच्या ओळीतल्या अटी यांचा संबंध काय? आमच्या मते फार निकटचा आहे. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्यात अशी तरतूद होती की, कारखान्याचे स्वतःचे स्थायी आदेश प्रमाणित होईपर्यंत नमुना स्थायी आदेश लागू समजावेत. म्हणजे तुम्ही काही ठरविले नाही तरी अटी रिकाम्या राहत नाहीत. दुसऱ्या कोणी ठरविलेल्या लागू होतात. संगणकाच्या भाषेत यालाच डिफॉल्ट म्हणतात. ओळीत जे लिहिले आहे ते सर्वांना दिसते. जे लिहिले नाही, तेच पुष्कळदा कारभार चालविते. आणि हे न लिहिलेले बदलतेही. व्हीएनसीच्या एका प्रसिद्ध बांधणीत २०२० सालीच सर्व्हर सुरू करण्याची जुनी रीत बदलली. कोणीही ओळ टंकून सुरू करावे, ही पद्धत सोडून तो प्रणालीची एक सेवा म्हणून चालू लागला आणि अटी ओळीतून निघून फाइलीत जाऊन बसल्या. जुनी ओळ मंत्रासारखी पाठ करणारे अडले. अटीचा हेतू ज्यांना ठाऊक होता, त्यांना ती फाइलीतही सापडली.

श्रोतेहो, हा विषय आज तुमच्या घरात आला आहे. नालासोपाऱ्यापासून नायगावपर्यंत किती घरांत मुले-मुली स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून दूरच्या कचेरीचे काम करतात! कचेरीचा पडदा घरात येतो. पण त्याच वाटेने घरचा पडदाही कचेरीत जाऊ शकतो. पाहणाऱ्याला नुसते पाहू द्यावे की कळा दाबू द्याव्यात, एका पडद्यावर एकाच वेळी अनेकांना घ्यावे की एकालाच, आत घेण्यापूर्वी समोर बसलेल्या माणसास विचारावे की न विचारता घ्यावे, या सर्वांसाठी अशा कार्यक्रमांत अटी आहेत. त्या कोणीतरी घालतोच. नोकरी करणाऱ्या मुलीने आपल्या वरिष्ठास विचारावे, की माझ्या यंत्रावरील या अटी कोणी घातल्या व त्यांत काय आहे? आणि आम्ही संघटनावाल्यांनी आपल्या मागणीपत्रात हे कलम घालावे. पगार, रजा, बोनस यांच्या पंगतीला ते शोभणार नाही असे कोणास वाटेल. पण १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नाने गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली, तीही त्यापूर्वी कोणाच्या पंगतीला नव्हती.

आमच्या त्या तरुण सहकाऱ्याने पुढे कार्यालयातील भिंतीवर एक कागद चिकटविला. त्यावर सर्व्हर सुरू करण्याची ओळ मोठ्या अक्षरांत आहे, आणि प्रत्येक अटीखाली मराठीत एकेक वाक्य: ही कशासाठी, व काढली तर काय होईल. नव्या माणसाला आम्ही प्रथम तो कागद वाचावयास लावतो. ज्याला एखाद्या अटीचा अर्थ सांगता येत नाही, त्याने ती घालू नये आणि काढूही नये, असा आमच्या कार्यालयाचा नियम आहे. तो कागद आता पिवळा पडला आहे. मध्यंतरी बांधणी बदलली तेव्हा तो नव्याने लिहावा लागला. पुन्हा बदलेल, पुन्हा लिहू.